घरात बंदूक होती, आता पोराला काय द्यायचं?

दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की माझ्याकडे मेसेज सुरू होतात. यंदा जरा जास्तच आले, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून, आणि सगळ्यांचा सूर एकच, आजोबा शिकारीला जायचे, घरात बंदूक होती, ते सगळं आमच्यासोबत संपणार का. माझं घरही तसलंच. आबांकडे बाराबोर होती, सुगी आटोपली की सातपुड्याच्या पायथ्याला चार-चार दिवस मुक्काम असायचा, आणि मी स्वतः आता कित्येक वर्षं पोरांना एअर रायफल शिकवतोय, म्हणजे दोन्हीकडचं बघितलेलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे प्रत्येक उत्तरात परत नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला काही शिकार लायसनवर चालायची, १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. आणि कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही बरं का, फासा लावणं, विष घालणं, हाका करून जनावर उठवणं, आमिष ठेवणं, पाखरांची अंडी-घरटी मोडणं, नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. पण शिकारीतून तो शेवटचा एक क्षण, चाप ओढायचा, तेवढा बाजूला काढला तर बाकी जे उरतं ते सगळं आजही पोरांना देता येतं, आणि आमच्या आबांना विचाराल तर आयुष्य त्या बाकीच्यातच गेलं होतं.

प्रश्न (चोपडा) : आमचे आप्पा चैत्रात गेले. त्यांच्या नावावर दुनळी बाराबोर होती, ती कपाटात तशीच आहे. दसऱ्याला पूजा केली, पोराने हातात घेऊन फोटो काढला, स्टेटसलाही ठेवला. तो १४ चा आहे. बंदूक माझ्या नावावर करून पुढे त्याला द्यायची आहे. काय करावं लागेल?

भाऊ, आधी ते स्टेटस काढायला सांगा. मग आजच्या आज ठाण्यात फोन करा. लायसन आप्पांचं होतं, ते आप्पांबरोबर गेलं, आणि आज ती बंदूक तुमच्या घरात बिनलायसनची आहे. आर्म्स ॲक्टचं म्हणणं असं की धारक वारला की वारसांनी विनाकारण वेळ न लावता हत्यार आणि काडतुसं पोलीस ठाण्यात नाहीतर लायसन असलेल्या डीलरकडे जमा करायची. तुम्ही चैत्र ते दसरा थांबलात, मुद्दाम नाही हे मला कळतं, दुःखात कोणाला सुचतं, पण आता एक दिवसही नको. स्वतः पिशवीत घालून मोटरसायकलवर नेऊ नका, आधी फोन करून सांगा, मृत्यूचा दाखला आणि आप्पांचं जुनं लायसन हाताशी ठेवा, ते सांगतील तसं करा, आणि जमा केल्याची पावती घेतल्याशिवाय उठू नका.

बंदूक जमा केली म्हणजे गेली असं नाही, लोक याच भीतीने लपवून ठेवतात आणि मग अडकतात. वारसाच्या नावाने लायसन मिळायची सोय २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये आहे. धारक वारला तर कायदेशीर वारसाला अर्ज करता येतो, आणि धारक हयात असतानाही त्याचं वय ७० झालं किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या वारसाचं नाव देऊ शकतो. (हे वाचणाऱ्या ज्यांचे वडील सत्तरीला आलेत त्यांनी ही ओळ परत वाचा, नंतरची धावपळ वाचते.) अर्ज कलेक्टर ऑफिसला, पोलीस चौकशी होते, भाऊ-बहिणींची संमती लागते, हत्यार सुरक्षित वापरायचं ट्रेनिंग घ्यावं लागतं. २०१९ पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात, तेव्हा तुमच्या नावावर आधीच दोन असतील तर तो हिशोब बघून घ्या.

मुलाचं. त्याला स्वतःच्या नावाने लायसन २१ पूर्ण झाल्याशिवाय नाही. तोवर घरची बंदूक त्याच्या हातात द्यायची नाही, शेतात नाही, गच्चीवर नाही, आणि लग्नात तर अजिबात नाही, कारण आनंदात हवेत बार काढायला २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हवेत गेलेली गोळी खाली येतेच, वरातीतल्याच कोणाच्या अंगावर.

मग त्याला काय द्यायचं? मला माझं आठवतं ते सांगतो. आबा बंदूक साफ करायला ओसरीवर बसायचे तेव्हा मला समोर बसवायचे, बाजूला नाही आणि नळीच्या तोंडाकडे तर नाहीच. आधी बंदूक मधून उघडून दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे बघायचे, मग मला बघायला लावायचे, रिकामी आहे हे दोघांनी आपापल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय गज हातात घ्यायचे नाहीत. मग जुन्या धोतराची पट्टी गजाला गुंडाळून तेल लावून आतबाहेर, पहिली पट्टी काळी यायची, दुसरी राखाडी, आणि तिसरी पांढरी आली की काम झालं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलूप वेगळं, किल्ली जानव्याला. मी कॉलेजला जाईपर्यंत एकदाही चाप ओढला नव्हता, पण बंदुकीची नळी चुकून कोणाकडे वळली तर माझ्या पोटात आजही गोळा येतो तो तिथून. लायसन तुमच्या नावावर झालं की तुम्हीही असंच साफ करायला बसा आणि पोराला समोर बसवा. आणि त्याला खरंच नेम शिकायचा असेल तर १२ वर्षं पूर्ण झालेल्या पोरांना रायफल क्लबात कोचच्या देखरेखीखाली काडतुसाची बंदूकही शिकता येते. शाळेत एनसीसी असेल तर तिथेही पॉइंट टू टू रायफलची फायरिंग होते, अनेकांची सुरुवात तिथूनच झालीय.

प्रश्न (धुळे) : पोऱ्या आठ वर्षांचा, गलोल घेऊन दिवसभर होले आणि साळुंक्या मारत फिरतो. याचे आजोबा म्हणतात मारू दे, नेम बसतो. मला बरं वाटत नाही.

ताई, तुम्हाला बरं वाटत नाही तेच बरोबर आहे. रानपाखरांना जवळपास सगळ्यांनाच संरक्षण आहे, आणि कायदा सोडा, आठ वर्षांच्या पोराला गंमत म्हणून जीव घ्यायची सवय लागली तर त्याला नेम नाही येत, घाई येते. पाखरू उडायच्या आत मारायचं असतं ना, म्हणून.

गलोल काढून घेऊ नका, दुसरी बनवेल. आजोबांनाच कामाला लावा. त्यांना गोफण येत असणार, खान्देशातल्या त्या वयाच्या माणसाला येतेच. अंबाडीची किंवा सुतळीची वळायची, मधे गोट्यापुरती विणलेली झोळी, एका टोकाला बोटात अडकवायचा फासा, दुसरं टोक अंगठ्याखाली चिमटीत. डोक्यावरून दोन फेरे आणि सोडली की टोकाचा असा फटका वाजतो की ज्वारीवरचा थवा दगड न लागताच उठतो. राखणदार माळ्यावर उभा राहून हेच तर करायचा, पाखरू मारत नव्हता, उठवत होता. मोकळ्या पडीत रानात तेलाचा रिकामा डबा ३० पावलांवर ठेवा, मागे बांध असू द्या, आजूबाजूला कोणी नको, आणि आजोबा-नातवाची शर्यत लावून द्या. पहिल्या दिवशी पोराचा गोटा मागेच जाईल, म्हणून सगळ्यांनी लांब उभं राहायचं. आठवड्याभरात डबा वाजायला लागला की होल्यांचा त्याला विसर पडतो, मी दोन-तीन घरांत बघितलंय.

प्रश्न (जळगाव) : माझ्या सासऱ्यांकडे शिकारीची परंपरा होती, त्यांच्या नेमाच्या गोष्टी अजून सांगतात. मुलगी १० वर्षांची आहे, तिला रायफल शिकायचीय. घरचे म्हणतात मुलगा असता तर ठीक होतं. लवकर आहे का, आणि जत्रेत मिळते तसली एअरगन आणून गच्चीवर सुरू केलं तर चालेल का?

तिला शिकवा. ज्या खेळात अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावं महाराष्ट्राने दिली, तेजस्विनी तर २०१० ची जगज्जेती, त्या खेळात मुलगा असता तर हे वाक्य बसतच नाही. सासऱ्यांना सांगा, नेमाचा वारसा आडनावातून जात नाही, बसायच्या सवयीतून जातो, आणि ती मुलींमध्ये मला तरी लवकर दिसते.

पण गच्चीवर नको. एअरगनला लोक खेळणं समजतात. पॉइंट १७७ बोअर आणि २० जूलपेक्षा कमी ताकद असेल तर लायसन लागत नाही हे खरं, पण तेवढ्याने डोळा जातो. छर्रा टणक भिंतीवर आपटून उलटा येतो, आणि गल्लीतल्या गच्चीवर मागे कोण कपडे वाळत घालतंय हे दिसत नाही. जत्रेतल्या बंदुकीची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) बरेचदा वाकडी असते, पोरगी नीट धरेल तरी गोळी भलतीकडे, आणि मग तिला वाटेल माझाच हात वाईट. पहिले तीन महिने स्वतःची रायफल घेऊच नका, क्लबची वापरा.

१० व्या वर्षी वजन हीच मुख्य अडचण. मॅचची रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, तेवढं वजन कोवळ्या कमरेवर रोज टाकायचं नाही, म्हणून आम्ही लहान पोरांना स्टँडवर टेकवूनच शिकवतो. सुरुवातीला तर छर्राही देत नाही. पांढऱ्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून रायफल धरायची, श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं, चाप इतका हळू दाबायचा की तो कधी सुटला ते तिलाच कळलं नाही पाहिजे, आणि सुटल्यावर तशीच दोन सेकंद स्थिर. हे दहा दिवस. आया मला विचारतात सर हिला गोळी कधी देणार, आणि मी म्हणतो जेव्हा ती मागायची थांबेल तेव्हा.

एकदा तिला टार्गेटचा कागद जवळून दाखवा. १० मीटर एअर रायफलचा मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मोहरीचा दाणा त्याच्यावर ठेवला तर ठिपका दिसत नाही. मॅचला ६० गोळ्या आणि ७५ मिनिटं, म्हणजे दर गोळीला सव्वा मिनिट मिळतं, आणि चांगला नेमबाज त्यातला बराच वेळ न मारण्यात घालवतो, रायफल उचलतो, नाही जमलं तर खाली ठेवतो, परत उचलतो. सासऱ्यांना हे ऐकवा, त्यांना लगेच ओळखू येईल. झाडीत जनावर अर्धं दिसत असताना बंदूक खाली घेणारा शिकारी आणि ही पोरगी, दोघांचं काम एकच आहे.

बारीक गोष्टी : छर्रे शिशाचे असतात, सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात नाही, तोंडात छर्रे धरायची सवय दिसली की तिथेच मोडा. डोळ्यावर सेफ्टी चष्मा. खर्च वाढतो हे खोटं सांगणार नाही, मॅच रायफल, जॅकेट, बूट सगळं महाग आहे, पण पहिली एक-दोन वर्षं ओपन साइटच्या साध्या रायफलवर आणि सेकंडहँड जॅकेटवर निघतात. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ घेऊन आला, गावातलाच पोरगा. आपल्या जिल्ह्यातून पुण्याच्या बालेवाडीला वारंवार जावं लागतं, रेल्वेत रात्र काढावी लागते, तेवढी तयारी मात्र आईबापाची लागते.

प्रश्न (मुक्ताईनगर) : केळीत आणि मक्यात रानडुकरं येतात, एका रात्रीत एकर लोळवतात. वडील पूर्वी बंदुकीने मारायचे. मुलाला शेत राखायला म्हणून बंदूक शिकवली तर काय हरकत? नाहीतर तारेत करंट सोडतात तसं करायचं का?

दादा, करंट सोडू नका. हे मी हात जोडून सांगतो. त्या तारेला डुक्कर ओळखता येत नाही, पहाटे पाणी द्यायला येणारा सालदार, शेजाऱ्याचं पोर, तुमचाच बैल, कोणीही. तुमच्या भागात केळीच्या बागेत वाघ-बिबटे येऊन बसतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती, त्यातलं एखादं तारेला लागलं तर पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे कायद्याने सगळ्यात जास्त जपलेला प्राणी, कमीत कमी ३ वर्षं ते ७ वर्षं कैद. गावठी बॉम्बचंही तेच, पिठाच्या गोळ्यात घालून ठेवतात, जबडा फाटलेली गाय मी एकदा बघितलीय, परत बघायची इच्छा नाही.

पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबाबत परवानगीची वाट कायद्यात आहे, पण ती वनविभागाच्या अधिकाऱ्याने लेखी दिलेली, कोणी, कुठे, कोणतं जनावर ते लिहिलेली. वडिलांची आठवण हा परवाना नाही आणि अल्पवयीन पोराच्या हातात ते काम कधीच जात नाही. नुकसान झालं की लगेच फोटो काढा, वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते, कमी मिळते, उशिरा मिळते, तरी मागायची सोडू नका कारण नोंदच नसेल तर तुमच्या गावात डुक्कर आहे हे कागदावर येतच नाही. सौर कुंपणाचा झटका मारत नाही, हाकलतो, तो नीट बसवलेला घ्या. राहिलं राखण, ते पोराला जरूर शिकवा. रात्री माळ्यावर बसायचं, टॉर्च कधी लावायचा कधी नाही, डुकरं कोणत्या नाल्याने वर येतात, वारा कुठून आहे, आणि कळपासोबत पिलं असतील तर खाली उतरायचं नाही.

प्रश्न (शहादा) : आम्ही भिल्ल. घरात तीर-कामठा पिढ्यान् पिढ्या. माझा मुलगा आश्रमशाळेत आहे, सुट्टीत आला की मोबाईल. माझ्या बापाने मला कामठा शिकवला, मी याला शिकवू की नको? शिकार तर बंद आहे, मग कशासाठी शिकवायचं असं तोच विचारतो.

शिकवा भाऊ, आणि या सुट्टीतच. तुम्हाला मी काय शिकवणार, बांबूचाच कामठा आणि दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट पट्टीची, हे जगात किती लोकांना जमतं? कुठल्या महिन्यात बांबू तोडायचा, कुठला भाग कामठ्याला आणि कुठला तिराला, विस्तवावर किती शेकायचा, पीस कसं बांधायचं, हे सगळं तुमच्या वडिलांकडून तुमच्या हातात आलंय आणि ते कुठे लिहिलेलं नाही. तुमचा मुलगा विचारतो कशासाठी, तर आधी नेमबाजी बाजूला ठेवा आणि त्याला कामठा बनवायला लावा. बनवलेल्या वस्तूशी पोराचं नातं वेगळं असतं.

खेळाचंही सांगतो. उदयपूरकडचे लिंबाराम लहानपणी बांबूच्या धनुष्याने रानात पाखरं मारायचे. १९८७ च्या निवड चाचणीत ते हेरले गेले आणि १९८८, १९९२, १९९६ अशी तीन ऑलिंपिक खेळले, २०१२ ला पद्मश्री मिळाली. आपल्याकडे शालेय स्पर्धांत इंडियन राउंड असतो, तो साध्या लाकडी-बांबूच्या धनुष्यावरच खेळतात, तेव्हा सुरुवातीला लाखाचं धनुष्य लागत नाही. मुलाला हेही दाखवा की एकलव्याच्या आठवणीने भिल्लांमधले पुष्कळ जण अंगठा न लावता दोरी ओढतात, आणि ऑलिंपिकमधले तिरंदाजही दोरी तीन बोटांनीच ओढतात, अंगठा लावतच नाहीत. फरक अंतराचा, तिथे ७० मीटर. शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून तीच ठेवा, सगळे एका रेषेत, सगळ्यांचे तीर संपेपर्यंत कोणी पुढे जायचं नाही, तीर आणायला पळायचं नाही.

आणि त्याला त्याच्या रानाची एक गोष्ट सांगा. रान पिंगळा म्हणून छोटं घुबड आहे, दिवसा उजेडात फिरणारं. १८८४ नंतर तो कोणाला सापडलाच नाही, सगळ्यांनी गेला म्हणून सोडून दिलेला, आणि ११३ वर्षांनी नोव्हेंबर १९९७ मध्ये परत दिसला तो तुमच्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या जंगलात. शोधणारे अमेरिकेतून आले होते. त्या ११३ वर्षांत कामठा घेऊन फिरणाऱ्या तिथल्या पोरांनी तो बघितला नसेल असं मला वाटत नाही, त्यांना कोणी विचारलं नाही एवढंच. तुमच्या मुलाला झाडावरचं पाखरू पाठमोरं ओळखता आलं तर उद्या त्याला विचारायला लोक येतील. कशासाठी शिकायचं, याचं मला तरी हेच उत्तर सुचतं.

प्रश्न (अमळनेर) : जुन्या वाड्यात भिंतीवर सांबराची शिंगं आणि पणजोबांनी मारलेल्या बिबट्याचं कातडं आहे. वडील मागच्या महिन्यात गेले. मुलं विचारतात पणजोबा वाईट होते का. कातड्याचं काय करू आणि मुलांना काय सांगू?

आधी कागद बघा. अशा वस्तूंचं मालकी प्रमाणपत्र असावं लागतं, जुन्या पेटीत, दस्तऐवजात नीट शोधा. वारशाने अशी वस्तू आली की ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं जाहीर करावं लागतं, तुमचा एक महिना गेलाय, म्हणजे दोन महिने आहेत. प्रमाणपत्र सापडत नसेल तर घाबरून जाळू-पुरू नका आणि कोणाला देऊ तर अजिबात नका, विकणं हा मोठा गुन्हा आहे, चांगला वकील गाठून स्वतःहून वनविभागाकडे जा. प्रमाणपत्र आहे पण घरात ठेवायचं नाही असं वाटलं तर सरकारजमा करायची सोय २०२२ च्या दुरुस्तीत झालीय. शिंगांचंही तेच, रानात आपोआप गळून पडलेली शिंगंसुद्धा उचलून आणायची नसतात, हे पुष्कळ चांगल्या लोकांना माहीत नसतं.

मुलांना काय सांगायचं हा अवघड भाग. मला वाटतं खरं सांगावं, दोन्ही बाजूंनी. त्या काळी ते कायद्याने चालत होतं, गावात बिबट्याने वासरं नेली की लोक पणजोबांना बोलवायला यायचे, हे खरं. आणि हौसेसाठीही मारलं, फोटोसाठी मारलं, हेही खरं, आणि खान्देशात माळावर काळवीट आणि चिंकारा आता शोधावे लागतात त्यात आपल्या घराण्यांचा हात आहे, हे मी माझ्या मुलाला तोंडाने सांगितलंय.

आमच्या आबांनी मारलेल्या जनावराची गोष्ट कधी दोनदा सांगितली नाही. पण एक गोष्ट मी निदान वीस वेळा ऐकली. संध्याकाळी उजेड कमी असताना त्यांनी एका डुकरावर बार टाकला, लागला पण नीट लागला नाही, जनावर लवणात उतरलं. रक्ताचा माग त्यांनी अंधार पडेपर्यंत काढला, रात्री तिथेच थांबले, सकाळी परत काढला, दगडाळ भागात माग तुटला आणि डुक्कर सापडलं नाही. उजेड नव्हता, मी बार टाकायला नको होता, एवढंच ते म्हणायचे, आणि म्हातारपणी तापात सुद्धा त्या लवणाचं नाव घ्यायचे. पणजोबांची अशी एखादी गोष्ट घरात कोणाला तरी माहीत असेल, आत्याला, एखाद्या जुन्या सालदाराला. ती शोधा आणि मुलांना तीच सांगा. वाईट होते की चांगले ते मुलं आपलं आपण ठरवतील.

प्रश्न (चाळीसगाव) : मी ७४ वर्षांचा. तरुणपणी वडिलांसोबत माग काढायला जायचो, बंदूक त्यांच्याकडे असायची, मी फक्त माग. आता नातू ११ वर्षांचा आहे, पाटणादेवीला नेतो तर नुसता पळतो. त्याला काय आणि कसं शिकवू? माझे गुडघे दुखतात, फार चालवत नाही.

आबा, तुमचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तुमच्याकडे जे आहे ते या सगळ्यांत दुर्मिळ आहे. आणि गुडघे दुखतात ही अडचण नाहीच, माग शिकवायला चालावं लागत नाही, बसावं लागतं.

पाटणादेवी गौताळा अभयारण्यात येतं, तेव्हा वाट सोडू नका, गलोल, कोयता काही सोबत नको, वनरक्षकाला विचारून जा. पण सुरुवात तिथे करूच नका. गावाजवळ नदीची किंवा नाल्याची ओली रेती बघा, सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना, कारण तिरप्या उन्हात ठशाच्या कडेला सावली पडते आणि दुपारी तोच ठसा दिसत नाही. पहिला ठसा त्याचाच काढायला लावा, चालत गेल्याचा आणि पळत गेल्याचा. पळताना टाच उठते, बोटं खोल जातात, रेती मागे उडते. मग कुत्र्याचा आणि मांजराचा शेजारी शेजारी, कुत्र्याला नखं दिसतात, मांजराला नाहीत. एवढं पक्कं झालं की बिबट्या आणि तरस त्याला तुम्ही न सांगता वेगळे करता येतील, बिबट्याची नखं आत असतात, तरसाची बाहेर, आणि तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगला मोठा. डुकराच्या खुरामागे दोन छोट्या खुणा उमटतात. ठसा किती वेळापूर्वीचा हे सगळ्यात शेवटी : कडा धारदार आहेत की ढासळल्या, आत दव पडलंय का, वरून मुंगी किंवा किडा गेल्याची रेघ आहे का. दव पडून गेल्यावरचा ठसा असेल तर जनावर पहाटेनंतर गेलंय, हे कळलं त्या दिवशी तो पळायचा थांबेल.

मग कान. टिटवी ओरडली तर का ओरडली, सातभाई पाखरं एकदम कलकलाट करतायत तर खाली काय आहे, वानर खोकल्यासारखा आवाज काढतंय तर ते कुठे बघतंय, वानर बघतं त्या दिशेला बघायचं. आणि वारा. आमचे आबा चिमूटभर माती सोडायचे आणि म्हणायचे, पह्यले वारा देख, मंग जनावर.

नातवाला वही द्या पण तिथे नको, घरी आल्यावर आठवून काढू दे. आणि मोबाईलवर बंदी घालू नका, ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढायला सांगा म्हणजे माप कळतं. पहिल्या दोन-तीन वेळा तो कंटाळेल, बोलत राहील, उठू उठू करेल. तुम्ही काही बोलू नका. एका जागी पाठ टेकून अर्धा तास बसा, त्याला सांगा हलायचं नाही, आणि तुम्ही स्वतः हलू नका. पंधरा-वीस मिनिटांनी रान तुम्हाला विसरतं, आधी खारी खाली येतात, मग तितर झुडपातून बाहेर येऊन मातीत अंघोळ करायला लागतात, इतके जवळ की पायावर धूळ येते. त्याने तुमचा हात दाबला की मान न वळवता बघा.